आर्गो फ्लोटचं जाळं चालू ठेवायचं म्हणजे नेमकं काय काय करावं लागतं?

पाषाणकर

मोसमी पावसाचा हंगामी अंदाज म्हटला की आपल्याकडे एल निनोवर भरपूर बोललं जातं. पण पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या मॉडेलला आधी "आज समुद्र आतून कसा आहे" हे सांगावं लागतं, तेव्हा ते पुढच्या चार महिन्यांचं गणित मांडतं. ते चित्र हैदराबादच्या इन्कॉइस या सागरी माहिती केंद्रामध्ये तयार होतं, आणि पृष्ठभागाखालच्या भागासाठी त्याची मदार मोठ्या प्रमाणात आर्गो फ्लोटवर असते. म्हणून हा धागा.

थोडक्यात ओळख. फ्लोट म्हणजे माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढी नळकांडी, वजन २० ते २५ किलो, डोक्यावर सेन्सर आणि अँटेना. १००० मीटरवर जाऊन नऊएक दिवस प्रवाहाबरोबर वाहत राहायचं, मग २००० मीटरपर्यंत बुडायचं, तिथून वर येताना तापमान, क्षारता आणि दाब मोजायचे, वर आल्यावर उपग्रहाला आकडे द्यायचे आणि परत खाली. दहा दिवसांचा एक फेरा. असे सुमारे ४००० फ्लोट जगभर आहेत, म्हणजे दिवसाला ४०० प्रोफाइल (एका खेपेत खालून वरपर्यंत घेतलेली मोजमापं).

बातम्यांत हा ४००० चा आकडा अभिमानाने येतो. माझं म्हणणं असं की तो आकडा फसवा आहे. किती फ्लोट जिवंत आहेत यापेक्षा किती फ्लोट योग्य जागी आहेत आणि खरं बोलतायत, हे मोजायला हवं. जाणकारांनी लिहावं.

खारा_वारा

आधी साधा हिशोब. फ्लोट सरासरी पाच वर्षं चालला तर ४००० टिकवायला वर्षाला ८०० नवे टाकावे लागतात. चारच वर्षं चालला तर १०००. समजा निधी आटला आणि वर्षाला ६०० च टाकले, तर आकडा घसरत घसरत ३००० वर येऊन थांबेल. गंमत अशी की पहिल्या वर्षी फक्त २०० कमी होतात आणि ४००० चे ३८०० झाले म्हणून कोणी ओरडत नाही. ओरड होते तेव्हा तीन वर्षं उलटून गेलेली असतात. त्या वेळी आज ऑर्डर दिली तरी फ्लोट बनून, तपासून, जहाज मिळून पाण्यात जायला वर्ष सहज जातं.

जाळं किती विरळ आहे तेही सांगतो. मूळ आराखडा दर तीन अंश अक्षांश-रेखांशाच्या चौकोनात एक फ्लोट असा होता, ३००० फ्लोटचा. तो आकडा नोव्हेंबर २००७ मध्ये गाठला. पुणे साडेअठरा अंशांवर, पणजी साडेपंधरावर. म्हणजे एक थर्मामीटर शनिवारवाड्यावर आणि पुढचा थेट मांडवीच्या काठी. मधल्या सातारा, कोल्हापूर, बेळगावात काय चाललंय ते या दोघांवरून ओळखायचं. त्यातला एक जरी मेला तरी भोक केवढं पडतं बघा.

भोसरी_एमआयडीसी

यंत्राच्या बाजूने विचारतो. हे वरखाली होतं कसं? प्रोपेलर तर दिसत नाही. आणि नळकांडं आपल्याकडे वळवता येणार नाही असं त्यात काय आहे?

खारा_वारा

@भोसरी_एमआयडीसी, नळकांडं भोसरीत खुशाल वळवता येईल. ॲल्युमिनियमची नळी, वर हार्ड ॲनोडायझिंग, दोन्ही टोकांना ओ-रिंगवाली झाकणं. अडतं ते पंपावर आणि सेन्सरवर.

तत्त्व सोपं आहे. पोटात तेल, आणि बुडाशी बाहेरच्या बाजूला रबरी पिशवी. तेल पिशवीत ढकललं की फ्लोटचं आकारमान वाढतं, वजन तेवढंच राहतं, म्हणून तो वर येतो. तेल आत घेतलं की बुडतो. आता आकडे घाला. २००० मीटरवरचं पाणी दाबामुळे आणि गारव्यामुळे पृष्ठभागाच्या पाण्यापेक्षा साधारण एक-सव्वा टक्का जड असतं. २५ लिटरच्या फ्लोटला हा फरक भरायला ३०० मिलिलिटर लागतील, पण नळकांडंही दाबाने थोडं आकसतं, त्यामुळे प्रत्यक्षात दोन-अडीचशे मिलिलिटरवर काम भागतं. म्हणजे चहाचे दोन कप. पण ते कप २०० वातावरणांच्या दाबाविरुद्ध बाहेर ढकलायचे आहेत. २५० मिलिलिटर सगळेच तळाशी ढकलले तर ५००० जूल, वर पंपाची आणि मोटरची गळती वेगळी. म्हणून शहाणा फ्लोट तळाशी थोडंच तेल ढकलतो आणि वर येता येता, दाब उतरेल तसं, बाकीचं ढकलत राहतो.

बिघडतं काय? तेलात हवेचा बुडबुडा राहिला तर पंपाचा दट्ट्या ती हवाच दाबत बसतो, तेल पुढे सरकत नाही, आणि फ्लोट खालीच राहतो. म्हणून तेल भरण्याआधी निर्वातात ठेवून त्यातली हवा काढून घेतात. दुसरं म्हणजे ओ-रिंगखाली अडकलेला एक केस. कारखान्यात आतली थोडी हवा उपसून ठेवतात आणि रात्रभर आतला दाब नोंदवतात. तापमानाचा फरक वजा करूनही दाब चढत असेल तर झाकण परत उघडायचं. ही कमी दाबाची पोकळी पृष्ठभागावर तेल आत ओढायलाही कामी येते. तिसरं, ॲनोडायझिंगवरचा ओरखडा. खाऱ्या पाण्यात तेवढ्या जागी खड्डा पडत जातो. जहाजावर फ्लोट फरफटत नेऊ नका असं सांगतात ते उगाच नाही.

अनुजा_द

वरच्या हिशोबात बंगालचा उपसागर घातला की सगळं बदलतं, आणि आपल्या दृष्टीने तोच सगळ्यात महत्त्वाचा. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावतीचं गोडं पाणी आणि वरून पाऊस. पावसाळ्यानंतर उत्तर भागात पृष्ठभागाची क्षारता (साधारण किलोमागे किती ग्रॅम मीठ) ३० च्याही खाली जाते. अरबी समुद्रात ती ३६ च्या वर असते. २९ अंशांच्या पाण्यात २८ क्षारता धरली तर घनता सुमारे १०१७, आणि अरबी समुद्रात १०२३-१०२४ च्या आसपास. सहा-सात किलोचा फरक, घनमीटरमागे. २५ लिटरच्या फ्लोटला तो भरून काढायला आणखी दीडशे मिलिलिटर तेल हवं.

ते नसेल तर फ्लोट वीस-तीस मीटरवर येऊन अडकतो. वरचा गोड्या पाण्याचा थर त्याला फोडता येत नाही. खाली सगळं सुरळीत असतं, मोजमापं झालेली असतात, पण अँटेना पाण्याखाली असल्यामुळे निरोप येत नाही. किनाऱ्यावरच्या माणसाला वाटतं फ्लोट मेला. दोन-तीन महिन्यांनी थर विरला की साहेब प्रकट होतात आणि साठवलेली सगळी प्रोफाइल एकदम देतात, अर्थात साठवायची सोय असेल तर. म्हणून या भागासाठी फ्लोट घेताना "तेलाची क्षमता किती" हा पहिला प्रश्न, आणि वजन जुळवणी तिथल्या घनतेनुसार. अरबी समुद्रासाठी जुळवलेला फ्लोट ऐनवेळी जहाजाचा मार्ग बदलला म्हणून उपसागरात टाकू नये.

आणि नेमका हाच वरचा थर चक्रीवादळांना ऊर्जा पुरवतो. गोडं हलकं पाणी वर बसलं की खालचं गार पाणी ढवळून वर येत नाही. म्हणजे जिथे मोजणं सगळ्यात गरजेचं, तिथेच मोजणं सगळ्यात कठीण.

कोथरूड_कट्टा

एवढा खटाटोप कशाला? उपग्रह आहेत की.

अनुजा_द

उपग्रहाला समुद्राची कातडी दिसते. समुद्र किती सेंटीमीटर वर आला तेही कळतं, पण तो पाणी वाढल्यामुळे आला की तापून फुगल्यामुळे, हे आत थर्मामीटर घातल्याशिवाय सांगता येत नाही. ही जोडी मुद्दाम जमवलेली आहे. समुद्रसपाटी मोजणाऱ्या उपग्रहाचं नाव तेव्हा जेसन होतं, आणि ग्रीक पुराणात जेसनचं जहाज आर्गो. पृथ्वीवर साठणाऱ्या जादा उष्णतेतला ९० टक्क्यांहून जास्त वाटा समुद्रात जातो. तो कातडीत मावत नाही हो.

पाषाणकर

आता "खरं बोलणाऱ्या" फ्लोटकडे येऊ. सेन्सर कसे बिघडतात यावर कोणी सविस्तर लिहील का?

लवणभास्कर

(नाव चूर्णाचं आहे, विषय मिठाचाच.)

अपेक्षा अशी: तापमान ०.००२ अंशांपर्यंत, क्षारता ०.०१ पर्यंत, दाब अडीच डेसिबारच्या आत (एक डेसिबार म्हणजे साधारण एक मीटर पाणी). क्षारता थेट मोजत नाहीत. काचेच्या बारीक नळीतून पाणी पंपाने खेचतात, त्याची विद्युतवाहकता मोजतात आणि तापमान-दाब वापरून क्षारता काढतात. ३५ मध्ये ०.०१ म्हणजे ०.०३ टक्के. नळीच्या आत शेवाळाचा पातळ थर बसला तरी तेवढा फरक पडतो. म्हणून नळीच्या तोंडाशी जीवनाशकाच्या गोळ्या बसवतात, आणि वर येताना पृष्ठभागाच्या अलीकडे काही मीटरवर पंप बंद करतात, नाहीतर वरचा तवंग आत ओढला जातो.

तीन दुखणी लक्षात ठेवण्यासारखी.

एक, २००९ ची दाबमापकाची गळती. दाबमापकात पडद्यामागे थोडं तेल असतं. ते सूक्ष्म प्रमाणात झिरपायला लागलं आणि मापक हळूहळू कमी दाब दाखवू लागले. फ्लोट खरोखर १०१० डेसिबारला, पण सांगणार १०००. म्हणजे खालचं गार पाणी वरच्या खोलीच्या नावावर चढतं आणि समुद्र थंड होतोय असा भास होतो. शिवाय १० डेसिबारच्या चुकीने क्षारता सुमारे ०.००४ ने हलते. तेव्हा नवे फ्लोट टाकणं काही काळ थांबवावं लागलं होतं. त्यातही काही जुन्या फ्लोटचा प्रोग्रॅम असा की पृष्ठभागावर ऋण दाब आला तर तो शून्य करूनच पाठवायचा. मग किती चूक आहे तेच कळत नाही, दुरुस्ती कशाच्या आधारावर करणार? कोणीतरी "ऋण दाब असूच शकत नाही" म्हणून लिहिलेली एक ओळ, आणि शेकडो फ्लोटच्या आकड्यांवर कायमचं प्रश्नचिन्ह.

दोन, क्षारतेचं अचानक वर सरकणं. २०१५ नंतर बनलेल्या काही सीटीडींमध्ये (वाहकता, तापमान आणि खोली मोजणारा सेन्सर-संच) हे प्रमाण नेहमीपेक्षा बरंच जास्त निघालं. फ्लोट वर्ष-दोन वर्षं नीट चालतो, मग खारट, आणखी खारट, आणि शेवटी आकडे दुरुस्त करण्याच्या पलीकडे जातात. फ्लोट जिवंत, बॅटरी ठणठणीत, तापमानही चांगलं. ४००० च्या यादीत तो मोजला जातो, पण क्षारतेपुरता मेलेला. पाषाणकरांचा मुद्दा इथे शंभर टक्के लागू. आणि जगातले बहुतेक फ्लोट एकाच कंपनीचा सीटीडी वापरत आले, त्यामुळे एका कारखान्यातला दोष सगळ्या महासागरांत पोचतो. दुसऱ्या पद्धतीचे, पंप नसलेले, कमी वीज खाणारे सेन्सर आता वापरात येतायत ते बरंच आहे. मात्र दोन्ही प्रकार काही वर्षं शेजारी शेजारी चालवून पाहिल्याशिवाय सगळी अंडी नव्या टोपलीतही टाकू नयेत.

तीन, प्राणवायूचा सेन्सर. हा कपाटात पडूनसुद्धा सरकतो, दरवर्षी काही टक्के. उपाय छान आहे: सेन्सर दांड्यावर उंच बसवतात, फ्लोट वर आला की तो हवेत येतो, आणि हवेतला प्राणवायू तर ठाऊकच असतो. प्रत्येक फेऱ्यात फुकटात तपासणी.

खारा_वारा

+१. बॅटरीचं मी जोडतो. पूर्वी अल्कलाइन सेल असायचे, आता लिथियम. जुने फ्लोट पृष्ठभागावर सहा ते बारा तास पडून राहायचे, कारण तेव्हाची उपग्रहसेवा एकतर्फी आणि संथ. इरिडियम या दुतर्फी उपग्रहसेवेमुळे पंधरा-वीस मिनिटांत काम उरकतं. वीज वाचते, पृष्ठभागावर भरकटणं कमी, शेवाळ कमी, जाळ्यात सापडणं कमी. शिवाय उलट निरोप देता येतो: "चक्रीवादळ येतंय, दहाऐवजी रोज एक फेरा कर."

पण हा मोह महाग पडतो. उपसागरात पाच दिवसांचा फेरा ठेवावा अशी मागणी नेहमी असते. फेरे किती ते बॅटरी ठरवते. २५० फेऱ्यांचा फ्लोट दहा दिवसांनी जवळजवळ सात वर्षं चालेल, पाच दिवसांनी साडेतीन. म्हणजे बदली फ्लोटची संख्या दुप्पट.

सिंहगडरोड

टाकतात कसे? विमानातून? कोकणातल्या बोटीवरून रत्नागिरीहून टाकता येईल का?

लवणभास्कर

रत्नागिरीहून नाही. आपल्या पश्चिम किनाऱ्याला खंडमंच (किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ) रुंद आहे, मुंबईसमोर तर सुमारे ३०० किलोमीटर. फ्लोटला २००० मीटरहून जास्त पाणी हवं, नाहीतर गाळात रुतून बसतो.

बहुतेक फ्लोट जहाजावरूनच जातात. क्रम साधारण असा. सेन्सरच्या तोंडावरची प्लास्टिकची बुचं काढायची (हे विसरणं ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात लाजिरवाणी चूक). मॉडेलप्रमाणे चुंबक काढून किंवा फिरवून फ्लोट जागा करायचा, पंपाचा आवाज आणि बुडाची पिशवी फुगलेली हाताने तपासायची, उपग्रहाकडून पहिला निरोप पोचल्याची किनाऱ्यावरून खात्री करायची. जहाज एक-दोन नॉटवर आणायचं. फ्लोटवरच्या मधल्या चकतीच्या भोकातून गुळगुळीत दोरी ओवायची, दोन्ही टोकं हातात धरून मागच्या बाजूने फ्लोट सोडायचा, पाण्याला टेकला की एक टोक सोडून दोरी ओढून घ्यायची. त्या टोकाला गाठ नको, ती भोकात अडकते आणि फ्लोट जहाजामागे लोंबकळत आपटत राहतो. जमलं तर त्याच जागी जहाजाचा सीटीडी उतरवून ठेवावा, पुढच्या पाच वर्षांच्या वादात तेवढाच एक साक्षीदार.

बंदरात नेण्याआधीची कटकट वेगळी. पोटात लिथियम असल्याने तो धोकादायक माल ठरतो, मालाच्या यादीतला क्रमांक यूएन ३०९१. कागद अपुरे असतील तर फ्लोट गोदामात आणि जहाज समुद्रात.

अनुजा_द

जागेचा मुद्दा सुटायला नको. व्यापारी जहाजं ठरलेल्या मार्गांनी जातात, आणि भोकं नेमकी त्या मार्गांबाहेर पडतात. सोमाली चाच्यांच्या काळात पश्चिम हिंदी महासागरात संशोधन जहाजं जायला तयार नव्हती, तेव्हा नौदलांच्या जहाजांनी फ्लोट टाकून दिले. दक्षिण गोलार्धात न्यूझीलंडच्या काहारोआ या जेमतेम २८ मीटरच्या जहाजाने हजारांनी फ्लोट पेरले. मोठं जहाज दिवसाला एवढं डिझेल जाळतं की फक्त फ्लोट टाकायला ते नेणं परवडत नाही.

कोथरूड_कट्टा

आणि मेलेले फ्लोट? समुद्रात कचराच की.

खारा_वारा

कचराच आहे, खोटं कशाला बोला. वर्षाला ८०० गुणिले २५ किलो म्हणजे २० टन, सगळ्या महासागरांत मिळून. साधा फ्लोट सुमारे २०,००० डॉलरचा, सगळे जैवरासायनिक सेन्सर (प्राणवायू वगैरे मोजणारे) लावलेला लाख-दीड लाखापर्यंत. साध्याला परत आणायला जहाज पाठवलं तर डिझेलचा धूर त्या २५ किलोंपेक्षा जास्त नुकसान करतो. महागडा वाटेत असेल तर उचलतात.

पाषाणकर

पैशाचं काय? मध्यवर्ती तिजोरी नाहीच, बरोबर?

अनुजा_द

नाही. तीसएक देश आपापले फ्लोट विकत घेतात, अमेरिकेचा वाटा जवळपास निम्मा. भारताचे इन्कॉइस सांभाळतं, आणि आपल्या फ्लोटच्या आकड्यांचं केंद्रही तेच. सगळा खर्च मिळून वर्षाला चारेक कोटी डॉलर. पुढचा आराखडा ४७०० फ्लोटचा आहे: २५०० साधे, १२०० दोन हजार मीटरच्याही खाली जाणारे, १००० जैवरासायनिक. फ्लोटची संख्या थोडीच वाढते, खर्च तिपटीच्या घरात. बहुतेक देशांत पैसा तीन-पाच वर्षांच्या संशोधन अनुदानातून येतो. पाऊस मोजणाऱ्या केंद्राला कोणी "तुमचा शोधनिबंध कुठे" असं विचारत नाही, फ्लोटला विचारतात. माझ्या मते खरी मेख तिथे आहे, तंत्रज्ञानात नाही.

एमएस्सी_दुसरं_वर्ष

प्रोजेक्टसाठी उपसागरातल्या एका फ्लोटच्या फाइल उतरवल्या आहेत, नंबर २९ ने सुरू होतो. १८०० मीटरवर दोन वर्षांत क्षारता ०.०८ ने वाढलेली दिसते. खरी असेल का?

लवणभास्कर

जवळजवळ नक्की नाही. एवढ्या खोलीवर उपसागराची क्षारता दोन वर्षांत इतकी हलत नाही. आधी फाइलच्या नावाचं पहिलं अक्षर बघा. "आर" म्हणजे तातडीची. तिच्यावर फक्त यंत्राने चाळण्या लावलेल्या असतात: जागा जमिनीवर तर नाही ना, एखादा आकडा उसळला का, वरचं पाणी खालच्यापेक्षा जड तर नाही ना. सावकाश सरकणारा सेन्सर या सगळ्यांतून आरामात सुटतो. "डी" म्हणजे जाणकाराने जहाजाच्या आणि शेजारच्या प्रोफाइलशी ताडून दुरुस्त केलेली. ती यायला वर्षभर लागू शकतं. "डी" असेल तर ॲडजस्टेड नावाचे स्तंभ वापरा, कच्चे नाही, आणि गुणवत्तेचा शेरा १ किंवा २ असलेलेच आकडे घ्या.

क्षारता खोलीवर न काढता तापमानाच्या रेषेवर काढून बघा, अडीच-तीन अंशांच्या पाण्यात. सगळी वक्ररेषा सारखीच उजवीकडे सरकली असेल तर दोष सेन्सरचा. मग एकाच वेळी तीनशे किलोमीटरच्या आतल्या दुसऱ्या दोन फ्लोटच्या रेषा त्याच कागदावर काढा.

एमएस्सी_दुसरं_वर्ष

काढल्या. शेजारचे दोघे जागेवर आहेत, हाच सरकलाय. फाइल "आर" आहे. आता?

लवणभास्कर

क्षारतेसाठी हा सोडा, शेजारचे घ्या. याचं तापमान वापरायला हरकत नाही. आणि इन्कॉइसला कळवा, संशयास्पद सेन्सरच्या करड्या यादीत नसेल तर घालतील.